'मोठे डॉक्टर कधी येणार?' त्याआधी मेडिसिनच्या वॉर्डात काय चालतं

मेडिसिनच्या वॉर्डात पेशंट दाखल केला की नातेवाइकांची पहिली तक्रार ठरलेली असते. कॅज्युअल्टीत एकाने सगळं विचारलं, वॉर्डात दुसऱ्याने तेच विचारलं, रात्री तिसरी डॉक्टर आली आणि तिनेही "ताप नक्की कधीपासून?" इथूनच सुरुवात केली. मग कोणीतरी वैतागतं, "अहो मॅडम, मघाच्या त्या पोराला सगळं सांगितलंय की. मोठे डॉक्टर कधी येणार तेवढं बोला."

मघाचं ते पोरगं म्हणजे रेसिडेंट. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, मग नीट पीजी, आणि आता एमडी मेडिसिनची तीन वर्षं. पहिल्या वर्षाला जेआर-वन (जेआर म्हणजे ज्युनियर रेसिडेंट), पुढे टू आणि थ्री. डॉक्टर तो झालेला आहे. शिकतोय ते फिजिशियन व्हायला. कोल्हापुरात सीपीआर म्हणजे राजर्षी शाहू वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय असो किंवा डी. वाय. पाटील मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, शिकवणाऱ्या कुठल्याही दवाखान्यात रात्री दोन वाजता पेशंटजवळ उभा असतो तो हाच.

पुस्तकं तो खोलीवर वाचतो (निदान आम्ही शिकवणारे तसं धरून चालतो). पण मेडिसिन शिकायचं ते आठवड्याच्या रहाटगाडग्यात. त्याचा गाभा काय म्हणाल तर आजाराबद्दल आज आपल्याला जे वाटतंय ते किती खात्रीने वाटतंय, आणि उद्या काय कळलं तर ते बदलावं लागेल, याचा हिशेब सतत ठेवणं. तो कसा ठेवतात हे समजलं की एकच प्रश्न चारदा का विचारतात तेही समजेल.

युनिट आणि इमर्जन्सीचा दिवस

मेडिसिन विभाग युनिटांत वाटलेला असतो. एका युनिटात वरचे दोन-तीन शिक्षक, एखादा सीनियर रेसिडेंट आणि तिन्ही वर्षांचे काही ज्युनियर. प्रत्येक युनिटाचा ओपीडीचा वार ठरलेला आणि इमर्जन्सीचाही. इमर्जन्सीच्या चोवीस तासांत जो दाखल होईल तो त्या युनिटाचा. म्हणून शेजारच्या बेडवर 'मोठे डॉक्टर' सकाळी नऊला आले आणि तुमच्याकडे न बघताच पुढे गेले, तर राग धरू नका. ते दुसऱ्या युनिटाचे असतील. तुमचा राऊंड अजून व्हायचा असतो.

पोस्ट-इमर्जन्सीचा राऊंड सगळ्यांत लांब. रात्रभर जागलेला जेआर-वन केस सांगतो, आणि सर किंवा मॅडम ऐकून घेऊन विचारतात, "बरं, मग तुझं मत काय?" इथे 'व्हायरल असेल' म्हणून सुटका नाही. पहिली शंका कशाची, दुसरी कशाची, आणि ज्याने पेशंट हातचा जाईल असा कोणता आजार अजून यादीतून काढता आलेला नाही, हे सगळं सांगावं लागतं. ही चर्चा अर्धी इंग्रजीत चालते, त्यामुळे नातेवाइकांना वाटतं काहीतरी लपवताहेत. लपवत कोणी नसतं, पण बेडपाशी इंग्रजीत बोलून मराठीत एक वाक्य न सांगता पुढच्या बेडकडे सरकायची सवय आमच्या धंद्यात आहे, आणि ती वाईटच आहे.

विडाल पॉझिटिव्ह, म्हणजे नक्की काय?

पावसाळ्यातला ताप घेऊ. जुलै-ऑगस्टात गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडून रोपलावणीच्या चिखलात राबलेली माणसं येतात, पंचगंगेचं पाणी ज्या गल्ल्यांत शिरतं तिथली येतात, हॉस्टेलवरची पोरं येतात. ताप, डोकं ठणकणं, अंग मोडून येणं, मळमळ. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, स्क्रब टायफस, टायफॉईड की साधा व्हायरल, पहिले दोन-तीन दिवस यांतला एकही आजार आपलं नाव सांगत नाही. आणि बऱ्याच जणांच्या हातात येतानाच एक कागद असतो: विडाल पॉझिटिव्ह. "टायफॉईड निघालाय, डॉक्टर."

फ्रान्सच्या जॉर्ज फर्नांड विडाल यांनी ही तपासणी १८९६ साली मांडली. ती रक्तात टायफॉईडचे जंतू शोधत नाही. जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते. ती पुरेशी तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो, म्हणून तिसऱ्या दिवशी केलेली विडाल खऱ्या टायफॉईडमध्येही निगेटिव्ह येऊ शकते. उलट पूर्वी कधी टायफॉईड होऊन गेला असेल, लस घेतली असेल किंवा त्याच कुळातल्या दुसऱ्या जंतूशी गाठ पडली असेल, तर टायफॉईड नसताना पॉझिटिव्ह. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं, जास्त भरवशाचं, तेही पहिल्या आठवड्यात केलं तर. पण तेसुद्धा टायफॉईडच्या साधारण निम्म्याच पेशंटांत जंतू दाखवतं, आणि आधी अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर त्याहून कमी.

हे ऐकून नवा जेआर विचारतो, "मग सर, रिपोर्टवर विश्वास ठेवायचा की नाही?" याचं उत्तर थॉमस बेझ नावाच्या इंग्लंडमधल्या पाद्र्याने देऊन ठेवलंय. त्याचा निबंध तो वारल्यावर, १७६३ मध्ये, छापला गेला. गणित बाजूला ठेवून आकड्यांतच बघू.

समजा एक तपासणी आहे. आजार असलेल्या १०० जणांपैकी ९० जणांत ती पॉझिटिव्ह येते, आजार नसलेल्या १०० पैकी ९० जणांत निगेटिव्ह. ऐकायला झकास. आता ती अशा १,००० जणांवर करा, ज्यांतल्या १०० जणांना खरोखर आजार आहे. त्या शंभरातले ९० पॉझिटिव्ह. उरलेल्या ९०० मधले दहा टक्के, म्हणजे तेही ९०, उगाचच पॉझिटिव्ह. एकूण १८० कागदांवर 'पॉझिटिव्ह' छापलं गेलं आणि त्यातले निम्मे खोटे.

तीच लॅब, तीच तपासणी. पण हजारात ५०० जणांना आजार असेल तर ४५० खरे पॉझिटिव्ह आणि ५० खोटे. आता त्या कागदावर नव्वद टक्के भरवसा. आणि हजारात फक्त १० जणांना आजार असेल तर ९ खरे, ९९ खोटे! (आकडे समजावण्यापुरते धरले आहेत. विडालचे ते नव्हेत. विडालला एवढे चांगले मार्क कोणी देणार नाही.)

म्हणजे रिपोर्टचा अर्थ रिपोर्टवर छापलेला नसतो. तपासणी करण्याआधी या माणसाला हा आजार असण्याची शक्यता किती होती, यावर तो ठरतो. ती शक्यता मशीन सांगत नाही, ती हकिकतीतून काढावी लागते. कुठे राहता, शेतात पाण्यात उभे होता का, पायाला जखम होती का, घरात अजून कोणाला ताप आहे का, गावाला कधी जाऊन आलात, कामाला कुठं जाता. नातेवाइकांना चौकशीसत्र वाटतं ते खरं तर बेझचं गणित असतं.

आणि तेच तेच का? कारण उत्तर बदलतं. कॅज्युअल्टीत थंडीने कुडकुडणारा माणूस 'चार दिवस' म्हणतो. वॉर्डात सलाईन लागल्यावर आठ दिवस होतात. रात्री सुनबाई जवळ बसलेल्या असतात, त्या सांगतात, "तशी कणकण महिनाभर हाय. संध्याकाळचं अंग गरम असतं, सकाळी बरं वाटतं म्हणून मामंजी मळ्यात जात्यात." चार दिवसांचा ताप आणि महिनाभराची कणकण, या दोन वेगळ्या याद्या आहेत. त्या एका वाक्याने डेंग्यू मागे पडतो आणि क्षयरोग पुढे येतो.

कोल्हापुरात अजून एक नाव पुढे येतं, म्हणून आमच्याकडच्या जेआरला एक खास प्रश्न शिकवावा लागतो: "दूध कसलं पिता?" म्हैस समोर उभी करून धार काढायची आणि फेसाळता ग्लास तोंडाला लावायचा, ही गंगावेशीची परंपरा. धारोष्ण दुधावर तालमी वाढल्या, हा या शहराचा अभिमान आहे आणि मी त्यावर बोलून कोणाचा रोष घेणार नाही. पण जनावराला ब्रुसेला जंतूची लागण असेल तर न तापवलेल्या दुधातून तो माणसात येतो. शिवाय गाभडलेल्या म्हशीची वार हाताने काढणाऱ्या माणसालाही तो गाठतो. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये माल्टा बेटावर हा जंतू शोधला. चढउताराचा ताप, रात्री दरदरून घाम, कंबर आणि सांधे धरणं. बऱ्याचदा पेशंट पाठीच्या दुखण्यासाठी हिंडत असतो. कल्चरमध्ये हा जंतू सावकाश वाढतो, म्हणून लॅबला आधी सांगावं लागतं की ब्रुसेलाची शंका आहे. बाटली लवकर टाकून देऊ नका, आणि हाताळताना जपा, कारण लॅबमधल्या माणसांनाही त्याची लागण होते. उपचारही वेगळा. नेहमीच्या पाच-सात दिवसांच्या कोर्सने भागत नाही, बहुधा दोन औषधं एकत्र, सहा आठवडे. एवढं सगळं 'दूध कसलं पिता' या एका प्रश्नावर टांगलेलं. दूध तापवून घेतलं की प्रश्न मिटतो, हेही जाता जाता सांगून टाकतो.

प्रश्नांइतकीच महत्त्वाची तपासणी, म्हणजे डोळ्यांनी आणि हातांनी केलेली. स्क्रब टायफस गवतातल्या, झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चावण्याने होतो. २०१८ मध्ये नागपूर-विदर्भात त्याने बरीच धावपळ केली होती. चावल्या जागी कधी कधी सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा खपलीचा डाग पडतो. तो दुखत नाही, खाजत नाही, आणि असतो काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेला साडीची किंवा लेंग्याची नाडी बसते तिथे. पेशंटला माहीत नसतो. कपडे बाजूला करून न बघणाऱ्या डॉक्टरला दिसत नाही. दिसला, तर हजारो रुपयांच्या तपासण्यांच्या आधी निदान हातात येतं आणि डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक त्याच संध्याकाळी सुरू होतं. म्हणून पडदा लावून पुन्हा तपासायला आलेल्या रेसिडेंटला "आत्ताच तर तपासलं" म्हणून परत पाठवू नका.

पेशी किती झाल्या?

डेंग्यूच्या हंगामात वॉर्डात हा एकच प्रश्न असतो. पेशी म्हणजे इथे प्लेटलेट. पेशी दीड लाखावरून साठ हजारांवर आल्या की घरचे पपईच्या पानांचा रस, किवी आणि बकरीचं दूध घेऊन हजर, आणि ब्लड बँकेत कोणाची ओळख आहे याची फोनाफोनी सुरू.

रेसिडेंटला मात्र वेगळंच बघायला शिकवलं जातं. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेकदा पेशी कमी झाल्याने नव्हे, तर रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरून बीपी कोसळल्याने. गंमत अशी की हा धोका ताप उतरताना येतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. घरच्यांना वाटतं ताप गेला, बरं झालं. रेसिडेंट त्याच वेळी बेडपाशी जास्त घुटमळायला लागतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी किंवा बेचैनी, लघवी कमी होणं, या खुणांवर त्याची नजर असते. रक्तात तो हिमॅटोक्रिट बघतो, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय ते. ते चढलं आणि पेशी झपकन उतरल्या, तर पाझर सुरू झालाय.

मग पेशी चढवायच्या कधी? रक्तस्राव होत असेल तर. नुसता आकडा खाली गेला म्हणून चढवल्याने फायदा होतो का, हे सिंगापूर आणि मलेशियातल्या पाच रुग्णालयांत पाहिलं गेलं. निष्कर्ष २०१७ मध्ये आले. पेशी वीस हजार किंवा त्याखाली, पण रक्तस्राव नाही, असे ३७२ प्रौढ. निम्म्यांना पेशी चढवल्या, निम्म्यांना नाही. रक्तस्रावाच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. चढवलेल्यांना त्रास मात्र जास्त झाला. हा अभ्यास माहीत असूनही अठरा हजाराच्या रिपोर्टपुढे आणि दहा नातेवाइकांपुढे 'थांबूया' म्हणणं तेवीस-चोवीस वर्षांच्या पोराला सोपं नसतं. ते 'थांबूया' म्हणायला वरिष्ठांचा हात पाठीवर लागतो.

जर्नल क्लब

आठवड्यातला एक तास जर्नल क्लबचा. एका रेसिडेंटने एक शोधनिबंध वाचून यायचं आणि बाकीच्यांनी त्याला सोलायचं. नुसता निष्कर्ष वाचून दाखवणाऱ्याची इथे फजिती होते.

उदाहरण स्क्रब टायफसचंच. गंभीर पेशंटला डॉक्सिसायक्लिन द्यावं, ॲझिथ्रोमायसिन द्यावं की दोन्ही? भारतातल्या सात रुग्णालयांत जवळपास ८०० पेशंटांवर हे तपासलं गेलं आणि २०२३ मध्ये छापून आलं. दोन्ही औषधं शिरेतून दिलेल्यांत वाईट परिणाम ३३ टक्क्यांत, एकेकटं औषध दिलेल्यांत ४७ आणि ४८ टक्क्यांत. म्हणजे जोडी जिंकली. वर्गात एवढ्यावर टाळ्या पडतात आणि मागून मॅडमचा प्रश्न येतो, "वाईट परिणाम म्हणजे काय?" पान उलटून बघितलं की कळतं, त्यात तीन गोष्टी एकत्र मोजल्यात: २८ दिवसांत मृत्यू, सातव्या दिवशीही गुंतागुंत टिकून असणं, आणि पाचव्या दिवशीही ताप असणं. यातल्या मृत्यूंच्या आकड्यात ठळक फरक नव्हता. जोडीने लोक लवकर सावरले, गुंतागुंत लवकर मिटली. हा फायदा लहान नाही, आमच्या वॉर्डाला तर फारच कामाचा. पण 'जीव वाचतात' आणि 'लवकर सावरतात' ही दोन वाक्यं वेगळी आहेत, आणि व्हॉट्सॲपवरून फिरताना त्यांचं एकच वाक्य होतं. आरोग्याची कुठलीही बातमी वाचताना "मोजलं नेमकं काय?" एवढं विचारायला एमडी लागत नाही.

ओव्हर

रात्रपाळी सकाळपाळीला पेशंट सोपवते, त्याला आमच्यात 'ओव्हर देणं' म्हणतात. दिसायला पाच मिनिटांचं काम. पण 'बेड बारा, ताप, स्टेबल' एवढंच सांगितलं आणि 'संध्याकाळी लघवी कमी झाली होती, रिपोर्ट यायचाय' हे राहून गेलं, तर त्याची किंमत बेड बाराला मोजावी लागते. अमेरिका-कॅनडातल्या नऊ बालरुग्ण विभागांत रेसिडेंटना ओव्हर द्यायची एक ठरीव पद्धत शिकवली: पेशंट किती गंभीर, थोडक्यात हकिकत, आता काय करायचं, काय बिघडू शकतं आणि तसं झालं तर काय, आणि शेवटी ऐकणाऱ्याने ते उलट म्हणून दाखवायचं. २०१४ च्या अहवालानुसार वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या. नवं औषध नाही, यंत्र नाही, फक्त नीट बोलणं. आपल्याकडे एका रेसिडेंटच्या वाट्याला येणारी पेशंटसंख्या बघता हे रोज जमतं असा दावा मी करणार नाही. निदान वॉर्डातल्या सगळ्यांत आजारी चार जणांचा ओव्हर बेडपाशी उभं राहून द्यावा, एवढा आग्रह धरता येतो.

दार लावून होणारी मीटिंग

मॉर्टॅलिटी मीटिंगबद्दल बाहेर फारसं कोणाला माहीत नसतं. वॉर्डात झालेल्या मृत्यूंच्या फाइली काढून, वेळेसकट, पहिल्या पानापासून पुन्हा वाचायच्या. किती वाजता आला, पहिलं बीपी किती, पहिलं अँटिबायोटिक किती वाजता लागलं, रक्त लॅबला कधी गेलं, कोणी कोणाला कधी बोलावलं. माझ्या मते आठवड्यातला हाच सगळ्यांत उपयोगी तास, आणि सगळ्यांत नावडताही.

पुष्कळदा गाठ एकाच जागी सापडते. समजा पेशंट 'टायफॉईड' हा शिक्का घेऊनच आला. कॅज्युअल्टीत केसपेपरवर टायफॉईड लिहिलं गेलं, वॉर्डात तेच उतरलं, ओव्हरमध्ये तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी डोळे लाल झाले, पोटऱ्या हात लावू देईनात, किंचित कावीळ दिसली. हे लेप्टोचं चित्र आहे. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून येणारा आजार, मूत्रपिंड आणि फुप्फुसांपर्यंत जाणारा. पण शिक्का आधीच बसलेला, त्यामुळे प्रत्येक नवी खूण टायफॉईडमध्येच बसवली गेली. अशा फाइलीवर चर्चा होते तेव्हा ड्यूटीवर कोण होतं हे बोर्डावर लिहू नये, असा नियम चांगल्या विभागात असतो. नाव आलं की बोलणं बंद होतं. पुढच्या वेळी पोर गप्प बसतं आणि फाइल नीटनेटकी करून आणतं. रागावणारे सर असले की हा नियम मोडतो, हेही खरं.

याशिवाय सेमिनार असतात, लॉगबुक असतं, आणि प्रबंध, ज्याचं नाव काढलं की जेआर-थ्रीचा चेहरा उतरतो. तीन महिने जिल्हा पातळीवरच्या सरकारी आरोग्यसेवेतही काम करावं लागतं. तिथे सीटी स्कॅन हाताशी नसताना निर्णय घ्यायची सवय होते. पोरं जाताना कुरकुरतात आणि येताना बरीच शहाणी होऊन येतात.

आता नातेवाइकांच्या कामाचं. रेसिडेंट पुन्हा विचारायला आला की त्याच्या हिशेबात भर पडेल असं काही तुमच्याकडे असतं. ताप सुरू झाला ती तारीख किंवा वार आठवून ठेवा. 'बरेच दिवस' चालत नाही, 'बेंदराच्या आदल्या दिवशी' चालतं. जुने रिपोर्ट, नॉर्मल आले असले तरी, आणा. गावात घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणा, कारण 'पांढरी गोळी' म्हणजे काहीही असू शकतं आणि अँटिबायोटिक आधी झालंय का यावर कल्चरचा अर्थ ठरतो. आणि 'सुई' मारून घेतली असेल तर ती न लाजता सांगा. तिच्यात स्टेरॉइड असेल तर ताप दोन दिवस दबतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, आणि वॉर्डातला प्रत्येक जण, मोठ्या डॉक्टरांसकट, भलत्याच वाटेने विचार करायला लागतो.